दाढ माझी, डोळे बाबांचे

अमेरिकेत दाढ दुखायला लागली की आम्ही आधी कॅलेंडर बघतो. औरंगाबादला जायला (म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला, पण माहेरचं जुनं नाव जिभेवरून लवकर जात नाही) किती दिवस राहिले, तोवर ही कळ काढेल का... यंदा तिने काढली. न्यू जर्सीत रूट कॅनाल आणि कॅप मिळून दोन हजार दोनशे डॉलर सांगितले होते, इथे औरंगपुऱ्यात साडेबारा हजार रुपयांत काम झालं.

आणि गंमत म्हणजे हेही पैसे माझ्या तिकडच्या एचएसएमधून निघतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, 2004 पासूनची सोय. विमा असा घ्यायचा की आजारपणाचा सुरुवातीचा बराच खर्च आपणच सोसायचा, आणि त्या बदल्यात या खात्यात पैसे साठवायचे. 2026 साठी मर्यादा एकट्याला 4,400 डॉलर, कुटुंबाला 8,750. भरताना कर नाही, वाढीवर नाही, उपचारासाठी काढताना नाही. (आमचं न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं स्वतःच्या करात ही सूट देत नाहीत. असतात काही घरं अशी!) उपचार परदेशात घेतले तरी चालतात, फक्त पावती हवी. आमच्या डेंटिस्टने आधी चिठ्ठीच्या मागे आकडा लिहून दिला होता. नाव, तारीख, उपचार, रक्कम असं सगळं छापील मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे इन्कम टॅक्सवालीकडे बघावं तसं बघितलं :)

विमानाचं तिकीट मात्र त्यात बसत नाही. मी आले होते आईबाबांना भेटायला, दाढ नुसती सोबत आली.

खरा प्रश्न बाबांचा होता. वय 68, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आरोग्यविमा कधी काढलाच नाही. माझ्या खात्यात पैसे पडून आहेत, पण बाबांसाठी ते चालत नाहीत. भारतात राहणारे भारतीय आईवडील त्या कायद्याच्या हिशेबात माझ्यावर अवलंबून धरलेच जात नाहीत. तरी काढले तर त्यावर कर आणि वर 20 टक्के दंड. माझी दाढ चालते, वडिलांचा डोळा नाही. नियम वाचून मी तासभर कुणाशी बोलले नाही.

बाबांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "माझ्या डोळ्याशी तुमच्या सरकारचा काय संबंध?"

मार्ग पुण्याहून निघाला. धाकटा भाऊ अजून जुन्या करपद्धतीत आहे. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या उपचारांवर केलेल्या खर्चाची वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत वजावट त्याला मिळते, फक्त पैसे रोख द्यायचे नाहीत. एका डोळ्याचा खर्च 48,000. म्हणजे तो डोळा त्याच्या हिशेबात बसला. दुसरा त्याच आर्थिक वर्षात करायचा होता, मग तो माझ्या साध्या, कर भरलेल्या पगारातून.

बाबांनी फाईल केली, वर पेनाने लिहिलं: उजवा धाकट्याचा, डावा ताईचा. मग मला विचारलं, "तुझ्या दाढेची पावती कुठंय? तीही लावतो."