बुधवार पेठेतला सुदामा

पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

परवा आपल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. जवळच्या कॉलेजात यंदा आफ्रिकेतली चार मुलं आली आहेत, खोली शोधत फिरतायत, तर कुणी देऊ नये, उद्या पोलिसांची कटकट नको. खाली भराभर अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही, पण विरोधातही एक शब्द लिहिला नाही. रोज दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस मी, आणि घरच्या ग्रुपवर गप्प.

असा कच खाण्याचा प्रकार माझ्याकडून आधीही एकदा झालाय. तो आज सांगून टाकतो.

2003 साल. पत्रकारितेच्या डिप्लोमासाठी पुण्यात गेलो होतो. अप्पा बळवंत चौकाच्या मागे, बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात खोली मिळाली. लाकडी जिना, चौकात एक नळ, संडास सगळ्यांना मिळून दोन. भाडं परवडेना म्हणून मी जोडीदार शोधत होतो. पुस्तकांच्या दुकानाच्या रांगेत एक सुदानी मुलगा भेटला. राहणारा ओमदुरमानचा, नाईलच्या काठचा. बीकॉमला होता. तोही खोली शोधत होता.

त्याच्यासोबत मी तीन-चार ठिकाणी खोली बघायला गेलो होतो. फोनवर मी बोललो की खोली शिल्लक असायची. दारात तो दिसला की "आत्ताच गेली हो." शेवटी म्हटलं, माझ्याकडेच ये. मालकाला सांगितलं, मित्र आहे, अधूनमधून येईल. अधूनमधून म्हणजे रोज.

माडीवर एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठला रे हा?" मी म्हणालो, सुदान. आजींना ऐकू आलं सुदामा. झालं, त्या दिवसापासून सगळ्या वाड्याचा तो सुदामा. रविवारी आजी ताटली घेऊन खाली यायच्या, "सुदामा, पोहे घे रे." ह्यात गंमत काय आहे हे त्याला कळायला सहा महिने लागले. मी कृष्ण-सुदाम्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "पण त्या गोष्टीत पोहे सुदामा घेऊन जातो. इथे तर मलाच मिळतात."

त्याची पुण्याशी पहिली झटापट बादलीवरून झाली. दुपारी दीडला तुळशीबागेत गेला. तिथून त्याला एका मोठ्या दुकानाचा पत्ता मिळाला, ते बंद. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडला गेला, पुन्हा बंद. मला गंभीरपणे विचारलं, "ह्यांच्याकडे रोज कोण मरतं?" एक ते चार हा काय प्रकार आहे ते मी समजावलं.

दुसरी झटापट पत्त्याची. घरी पत्र पाठवायचं तर पत्ता काय लिहायचा? वाड्याला नंबर होता, पण तो फक्त महापालिकेला माहीत. वाड्यातले सांगायचे, चौकातून आत ये, डाव्या हाताला बाइंडिंगवाला, त्याच्या पुढच्या बोळात. त्याच्या वडिलांनी पत्रातून विचारलं, तू घरात राहतोस की बोळात?

त्याला त्याच्या गावची न्याहारी आठवायची. तिकडे 'फूल' नावाचा घेवड्यासारख्या दाण्यांचा पदार्थ सकाळी खातात. मंडईतून त्याने पावटे आणले, रात्रभर भिजवले, शिजवून ठेचले, वर तेल, जिरं, कांदा, लिंबू. आजी डोकावल्या. "अरे, ही तर पावट्याची उसळच की. गूळ विसरलास." त्या दिवसापासून ओमदुरमानच्या न्याहारीत गूळ पडायला लागला.

आता जरा अवघड भाग.

कॉलेजात कुणी विचारलं कुठे राहतोस, की तो सरळ सांगायचा, बुधवार पेठ. पोरं हसायची. त्याला कळेना. मी मात्र सहा महिने गावाकडे, पाहुण्यांत, सगळीकडे "अप्पा बळवंत चौकात राहतो" असंच सांगत होतो. तीच पेठ, फक्त पुस्तकांच्या बाजूने. दगडूशेठचा गणपती ह्याच पेठेत, तांबडी जोगेश्वरी ह्याच पेठेत, 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली तो भिडे वाडाही इथलाच. पण नाव घेतलं की लोकांना एकच गल्ली आठवते.

शेवटी मी त्याला ती गल्ली काय आहे ते सांगितलं. तो हसला नाही. विचारलं, त्या बायका कुठून आल्या? म्हटलं, कुणी नेपाळहून, कुणी बंगालमधून, कुणी कर्नाटकातून. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे परक्या माणसाला ह्या शहरात न विचारता जागा मिळते ती तिथेच."

मी पुढे वीस वर्षं बातम्या लिहिल्या. ह्या वाक्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि मग ती संध्याकाळ. चौकीतून एक हवालदार चौकशीला आला. परदेशी माणूस घरात ठेवला की पोलिसांकडे नोंद करावी लागते. सुदाम्याची नोंद कागदावर कोंढव्यातल्या मित्राच्या पत्त्यावर होती. मालक वाड्याच्या दारातच उभे. मला वाटलं, खरं बोललो तर दोघांचंही सामान बोळात येईल. मी म्हणालो, "साहेब, पाहुणा आहे. दोन दिवसांसाठी आलाय."

तो मागेच उभा होता. 'पाहुणा' हा शब्द त्याला आजींनीच शिकवला होता. रात्री त्याने एवढंच विचारलं, "आठ महिने झाले. मी पाहुणा?"

मी उत्तर दिलं नाही. कूस बदलली.

सकाळी नळावर आजींनी मला गाठलं. सगळं त्यांनी वरून ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "पोरा, भ्यालास ते ठीक आहे. पण ज्याच्या ताटातलं खातोस त्याला पाहुणा म्हणतोस?" मग मालकांकडे गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण दुपारी मालक, सुदामा आणि मी असे तिघं कार्यालयात गेलो. फॉर्म भरला, पासपोर्टची झेरॉक्स जोडली, पत्ता बदलून घेतला. आठ महिने ज्या कागदाची भीती वाटत होती, तो कागद एका दुपारी झाला. परत येताना मालकांनीच चहा पाजला. त्यानंतर दोन वर्षं तो त्याच खोलीत राहिला. मी गावी आलो, तो तिथेच होता.

पदवी घेऊन तो परत गेला. लग्न, मुलं, नोकरी. 2023 च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई पेटली आणि महिनाभर त्याचा फोन लागेना. पुढे कैरोहून मेसेज आला. घर सोडून बायको-मुलांसह तिथे पोचला होता, भाड्याची जागा शोधत होता. मागच्या आठवड्यात त्याचा व्हॉइस मेसेज आला, मोडक्या मराठीत: "खोली मिळाली, दादा. पण मालक विचारतो, किती दिवसांचे पाहुणे?" आणि हसला.

तो मेसेज ऐकला आणि दोन दिवसांनी आपल्या ग्रुपवर तो फतवा.

तर मंडळी, कटकटीचं सांगतो. 1946 चा जुना कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांबाबत नवा कायदा लागू झालाय. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत त्याची माहिती घरमालकाने ऑनलाइन भरायची. पासपोर्ट, व्हिसा आणि कॉलेजचं पत्र मागून घ्या. कॉलेजलाही आपल्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवावीच लागते. कटकट आहे ती एवढीच. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी माझ्या ऑफिसात या, मी भरून देतो.

पोरं दारू पितील, गोंगाट करतील, अशी भीती असेल तर नियम लावा ना. आपल्याकडच्या पोरांनाही लावतोच की.

आमच्या घराची वरची खोली दिवाळीपासून रिकामी आहे. चारातल्या दोघांना काल दाखवली. बायकोने विचारलं, जेवायला काय करतात ही मुलं? म्हटलं, मंडईतून पावटे आणू, गूळ आपल्याकडे आहे.

उरलेल्या दोघांना अजून खोली हवी आहे. कुणाची असेल तर कळवा.