तोरण्याच्या पायथ्याशी आम्ही सहा जणी

वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत एकदा विषय निघाला आणि सगळ्या जणी गप्प झाल्या. विषय होता पाळी जाण्याचा. बाळंतपणावर आम्ही मोकळेपणी बोलतो, पोरींच्या पहिल्या पाळीवर बोलतो, पण पाळी गेल्यावर बाईच्या शरीराचे काय होते यावर कोणी बोलेना. शेवटी एकीने विषय बदलला. ती म्हणाली, "माझ्या माहेरी भाताची कापणी चाललीय. चला दोन दिवस, हवाही बदलेल."

अशा आम्ही सहा जणी निघालो. सर्वांत धाकटी ४६ वर्षांची, थोरली ६१ ची. दोघी महापालिकेत झाडण्याच्या कामाला, दोघी धुणीभांडी करणाऱ्या, एक अंगणवाडीत मदतनीस, एक शिवणकाम करणारी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता घरातून दोन दिवस सुटण्याचा. तो प्रत्येकीने आपापल्या परीने सोडवला.

भाटघरचे पाणी

स्वारगेटहून पहाटेची गाडी धरली. कात्रज मागे पडला, कापूरहोळला गाडी साताऱ्याचा रस्ता सोडून भोरकडे वळली. भोर हे जुन्या संस्थानाचे गाव. राजवाडा आहे, नीरा नदी आहे, आणि जवळच वेळवंडी नदीवर इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात बांधून पुरे झालेले भाटघरचे धरण आहे. धरणाकडे आम्ही सकाळच्या उन्हात चालत गेलो. पाणी दूरवर डोंगरांच्या कुशीत शिरलेले. हे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते आणि तिकडचा ऊस पिकवते.

ऊस म्हटल्यावर आमच्यातली शिवणकाम करणारी एकदम बोलली. ती मूळची बीडकडची. तिच्या बहिणी, भावजया ऊसतोडीला जायच्या. "पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग बाया पिशवीच काढून टाकतात," ती म्हणाली. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशी-पस्तिशीतल्याही होत्या. आमच्या या मैत्रिणीचीही ३४ व्या वर्षी काढली. पोटात दुखते म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली, आणि आज काढली नाही तर उद्या कॅन्सर होईल असे तिला घाबरवले गेले. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, हे तिला पुढे कागद वाचून घेतल्यावर कळले. अंडाशय काढले की पाळी एका रात्रीत जाते आणि हाडांना, हृदयाला मिळणारे संरक्षणही तेव्हाच सुटते. आज ती ५२ वर्षांची आहे. गेल्या वर्षी बाथरूममध्ये नुसता पाय घसरला आणि तिचे मनगट मोडले.

धरणाच्या काठावर बसून आम्ही हे ऐकले. बैठकीत गप्प बसलेल्या आम्ही, उघड्यावर बोलायला लागलो.

एकच शब्द, दोन जाच

भोरहून एक रस्ता वरंधा घाट उतरून महाडला जातो. महाडचे नाव काढले की आपल्या माणसाचे मन आपोआप १९२७ सालात जाते. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते, हे खोटे आहे हे बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर जगाला दाखवून दिले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी बायकांपुढे वेगळे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे कोणते दागिने टाकावेत, मुलींना का शिकवावे, हे सांगितले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार बाईच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली. बाईचे शरीर ही तिच्या घरापुरती गोष्ट नाही, तो समाजाचा प्रश्न आहे, असे मानणारा आपला नेता होता.

पण आपल्या घरात काय चालते? तळ्याचा विटाळ आपण नाकारला आणि पाळीला मात्र अजून त्याच नावाने ओळखतो. मग पाळी गेली की शेजारीण म्हणते, "सुटलीस बाई विटाळातून." म्हणजे आधी विटाळ म्हणून गप्प बसायचे आणि नंतर संपले म्हणून गप्प बसायचे. ज्या शब्दाने आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले तो शब्द आपण आपल्याच लेकीसुनांच्या अंगाला का चिकटवावा? भोरच्या स्टँडवर चहा पिताना आम्ही सहा जणींनी तो शब्द टाकून द्यायचे ठरवले. पाळी म्हणायचे, पाळी गेली म्हणायचे.

वेल्ह्याची आजी

दुपारी नसरापूरला येऊन वेल्ह्याची गाडी धरली. मार्गासनी, विंझर करीत गाडी डोंगरात शिरते. २०२४ साली या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. दोन्ही अंगाला भाताची खाचरे, कापलेल्या भाताचे भारे, कुठे झोडणी चाललेली. वर तोरणा उभा, सुमारे चौदाशे मीटर उंच.

बौद्धवाडीत मैत्रिणीची आई आमची वाट पाहत होती. वय पंचाहत्तरच्या पुढे. आम्ही सगळ्या तिला आजीच म्हणू लागलो. रात्री चुलीपुढे नाचणीची भाकरी, माठाची भाजी, तिळाची चटणी आणि ताक. आजी अजून खाचरात जाते, शेळ्या हिंडवते, टेकाड चढते. आमच्यातली एक म्हणाली, "बघा, खेड्यातल्या बाईला कसला व्यायाम लागत नाही."

आजी हसली. म्हणाली, "पोरींनो, काम येगळं न् अंगाची निगा येगळी. वाकून वाकून लावणी केली, माझी कंबर बगा. शेजारनीचं अंग भाईर आलं, डोक्यावर भारं वाहून. तिनं कुनाला सांगितलं न्हाई. आन् ही मिसरी. मला सून रोज वरडती."

सून वाडीची आशा कार्यकर्ती आहे. तिने त्या रात्री जे सांगितले ते आम्ही लक्षात ठेवले. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असे धरतात. आपल्याकडे हे बहुधा ४५ ते ५० च्या दरम्यान होते. चाळिशीच्या आत गेली तर डॉक्टरला दाखवावे. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने भिजणे, झोप उडणे, छातीत धडधडणे, विनाकारण चिडणे, लघवीची जळजळ, ही सारी त्या बदलाची लक्षणे असू शकतात. ते नखरे नव्हेत आणि वेडही नव्हे. फार त्रास असेल तर औषध आहे, पण ते डॉक्टरने तपासून दिलेलेच घ्यावे.

हाडे मात्र मुकाट्याने झिजतात. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज सर्वांत वेगाने होते. दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. तिळात, माठ-राजगिऱ्याच्या पाल्यात, शेवग्याच्या पाल्यात, दूध-ताकातही भरपूर. "हे आपल्या गरिबाच्याच ताटातलं हाय," सून म्हणाली, "पण तुमी शहरात जाऊन नाचनी सोडली न् पाव धरला." ते खरे होते. शिवाय अंगावर ऊन पडल्याशिवाय कॅल्शियम हाडात मुरत नाही. आमच्या भांडी घासणाऱ्या मैत्रिणीचा दिवस दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात जातो. ती ऊन बघते ते बसस्टॉपवर.

अर्ध्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरण्याची वाट धरली. गड पुरा करायचा हट्ट नव्हता, जमेल तेवढे चढायचे होते. या गडकोटांच्या राखणीत आपल्याही पूर्वजांचा वाटा होता, हे मनात होतेच. प्रत्येकीच्या हातात काठी. थोरली आमच्यापुढे. पंचवीस वर्षे रस्ते झाडले, पण डोंगर चढण्याची तिची ही पहिलीच वेळ. पोरासारखी आनंदली होती.

अर्ध्या वाटेवर आमची अंगणवाडीतली मैत्रीण खाली बसली. आम्हाला वाटले, दम लागला. पाणी दिले. ती रडायला लागली. पाळी जाऊन तिला दोन वर्षे झाली होती आणि गेल्या चार महिन्यांपासून मधूनमधून रक्त जात होते. घरी सांगितले नाही, मुलगा-सुनेला काय सांगायचे म्हणून. मंडळात विषय निघाला तेव्हा ती सर्वांत आधी गप्प झाली होती ते यासाठी.

आम्ही तिथूनच मागे फिरलो. उतरताना कोणी फार बोलले नाही. खाली आल्यावर सुनेने स्पष्ट सांगितले, पाळी गेल्यावर एक थेंब रक्त गेले तरी तपासायचेच. पुष्कळदा कारण साधे असते, पण काही वेळा ते गर्भाशयाच्या कॅन्सरचे पहिले लक्षण असते आणि लवकर कळले तर उपचार चांगले होतात. आजीने तिचा हात धरला. "दात दुखला तर सांगतीस न्हवं? मग ह्येच्यात कसली लाज?" एवढेच ती बोलली.

शिरवळच्या लेण्यांत

परतीच्या दिवशी पुण्याकडे वळण्याआधी शिरवळजवळच्या डोंगरातली बौद्ध लेणी पाहिली. साधी लेणी, फारशी नक्षी नाही. भिक्खूंच्या राहण्याच्या लहान खोल्या, थंडगार दगड. तिथे बसून आम्ही थेरीगाथेतल्या म्हाताऱ्या थेरींची आठवण काढली. चित्ता आणि मेत्तिका या दोघी थेरी म्हातारपणी, अशक्त झालेल्या, काठी टेकत राजगृहाचा गृध्रकूट पर्वत चढल्या. सोणा थेरी दहा लेकरांची आई होती, उतारवयात संघात आली आणि कष्टाने पुढे गेली. त्यांच्या शरीराने साथ कमी केली म्हणून त्यांचे जगणे संपले असे त्यांनी मानले नाही.

चालण्याचे महत्त्व तर भगवान बुद्धांनीच सांगितले आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्टाला अंग तयार होते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मन एकाग्र राहते. आजचे डॉक्टर आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालायला सांगतात. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

आम्ही काय धरले

पुण्याला आल्यावर पहिले काम मैत्रिणीचे. आम्ही दोघी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेलो. सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत आमच्यातही कोणाला नीट झोप नव्हती. आत एक लहान मांसल गाठ निघाली, कॅन्सर नव्हता. गाठ काढली, पिशवी काढायची गरज पडली नाही. निकाल उलटाही येऊ शकला असता, आणि चार महिने वाया गेले होते, हे आम्ही विसरलो नाही.

आता संध्याकाळी कामावरून आलो की विहाराच्या मैदानात आम्ही अर्धा तास चालतो. घरची मंडळी आधी हसली, आता दोन सासवाही येतात. चालून झाले की हात न टेकता पायरीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला बोट लावून एका पायावर उभे राहणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या वर-खाली करणे. त्याने मांडीत ताकद राहते, तोल जात नाही, पडून हाड मोडण्याची भीती कमी होते. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते बसल्या जागी आवळायचे आणि सोडायचे, हे तर भाजी निवडतानाही होते. खोकताना लघवी सुटत असेल तर त्याने फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर लपवू नये, दवाखाना गाठावा.

सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची, तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी करून घ्यायची. पाळी गेल्यावर हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून हे नेमाने करायचे. कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करायची नाही. मिश्री सोडायची. हे शेवटचे सर्वांत अवघड. सहापैकी तिघी मिश्री लावत होत्या, एकीने सोडली, दोघींचे प्रयत्न चालू आहेत.

भगिनींनो, पाळी गेल्यावर बाईपुढे वीस-पंचवीस वर्षे सहज असतात. तेवढ्या वर्षांत एक पोर जन्मून, शिकून कामाला लागते. तो काळ कण्हत काढायचा की ताठ मानेने, हे आपल्या ताटावर, पायांवर आणि तोंड उघडण्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

पुढच्या कापणीला आजीने पुन्हा बोलावले आहे. तोरण्याची अर्धी वाट राहिली आहे. या वेळी अंगणवाडीतली मैत्रीण म्हणते, काठी मी धरीन, पुढे मीच चालेन.