चोक ओढला की चालते

धरमतरचा पूल ओलांडून पर्यटकांच्या गाड्या अलिबाग-नागावकडे निघाल्या की किनाऱ्यावर एटीव्ही फिरवणाऱ्या पोरांचा हंगाम सुरू होतो. पण पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी तेव्हाच रुसते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मग कुणीतरी सांगतं, नवा कार्बोरेटर टाका!

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. तो आधी विचारतो, "चोक ओढल्यावर चालते का?" चालते आणि चोक सोडताच बंद पडते, तर पेट्रोल कमी पोचतंय. दोष बहुधा पायलट जेटचा. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे उरलेला चिकट थर तिथे बसतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते ओलावा ओढतं. आणि आमच्या खाडीच्या हवेत ओलाव्याला काय तोटा!

उर्दूत याला तशखीस म्हणतात, औषधाआधीचं निदान. नळीतून पेट्रोल वाहत असेल, तर फ्लोटची सुई बघायची. रेस पूर्ण दिल्यावर दम तुटत असेल, तर मेन जेट. जेटमध्ये तार घालून कोरलेलं त्याला अजिबात खपत नाही. छिद्र मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. स्प्रे आणि हवेचा दाब पुरतो.

गाडी परत देताना तो मालकाला बजावतो, "चाचा, जूनमध्ये उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग वाटीचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं काढून टाका."