पत्ता खोलीचा की माणसाचा?

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटवाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

माझं गाव पिशोर, तालुका कन्नड. आमच्याकडे पाकिटावर अण्णांचं नाव आणि गाव एवढं लिहिलं तरी पत्र घरी पोहोचतं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, तरी पोस्टमनकाका काही चुकले नाहीत. पत्ता चुकला की काय होतं, हे मला होस्टेलनं शिकवलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्या लॅनवर प्रत्येकाला ठरलेला आयपी मिळायचा, तो मॅक अॅड्रेस बघून. एका ज्युनिअरच्या लॅपटॉपला लॅनची केबल लावायला जागाच नव्हती. सबमिशन आहे म्हणाला, म्हणून मी माझा यूएसबी अडॅप्टर त्याला दिला आणि विसरून गेलो. दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर माझं नाव! रात्रभर पिक्चर डाउनलोड करून अख्ख्या मजल्याचं नेट बसवलं म्हणे. मी त्या रात्री घोरत होतो, पण ऐकतो कोण? "मशीन खोटं बोलत नाही," असं मला सांगण्यात आलं आणि घरी फोन गेला.

अण्णांनी एवढंच विचारलं, "तू केलंस का?"

"नाही."

"मग झालं." पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते आलेच. ऑफिसबाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसलेले अण्णा मला अजून दिसतात.

शेवटी नेटवर्कवाल्या सरांनी स्विचची नोंद काढली. माझा मॅक त्या रात्री माझ्या खोलीच्या पोर्टवर नव्हताच, दुसऱ्याच विंगमध्ये होता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मॅक असतो नेटवर्क कार्डाचा, आणि माझ्या बाबतीत ते कार्ड म्हणजे तो अडॅप्टर! कॉम्प्युटर ब्रँचला असून मला हे सुचलं नाही, याची लाज वाटली. ज्युनिअरनं स्वतः येऊन कबूल केलं. नोटीस निघाली.

मग सरांनी पद्धतच बदलली. आता आयपी पोर्टवरून मिळतो. तुमचं मशीन डीएचसीपीला हाक मारतं, "मला पत्ता द्या." ती हाक वाटेत स्विच पकडतो आणि तिच्यावर आपली चिठ्ठी चिकटवतो, "ही अमुक स्विचच्या अमुक पोर्टवरून आली." या चिठ्ठीचं नाव ऑप्शन ८२. २००१ सालच्या आरएफसी ३०४६ मध्ये ती सांगितली आहे. सर्व्हर मॅककडे न बघता चिठ्ठी वाचतो आणि त्या पोर्टचा ठरलेला आयपी देतो. उत्तर परत येताना स्विच चिठ्ठी काढून घेतो, त्यामुळे आपल्या मशीनला काही पत्ताच लागत नाही. लॅपटॉप बदला, अडॅप्टर उसना द्या, खोली २७ चा आयपी खोली २७ लाच.

आपल्या पिनकोडचं असंच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषा, न वाचता येणारी अक्षरं यावर उपाय म्हणून सहा आकडे. ते आकडे पोस्ट ऑफिस सांगतात, माणूस नाही.

नव्या पद्धतीत अडचणी नाहीत असं नाही. लॅपटॉप बदलला की जुन्याची लीज संपेपर्यंत नव्याला आयपी मिळत नाही, म्हणून सरांनी लीज थोड्या मिनिटांची ठेवली आहे. एका पोर्टला छोटा स्विच लावून दोघं बसले तर आयपी एकालाच मिळतो, दुसरा बोंबलतो. आणि मुख्य म्हणजे पोर्ट खोली दाखवतो, खोलीत कोण बसलं होतं ते नाही. रूममेटनं घोळ घातला तर संशय दोघांवर. म्हणून स्टाफला एक विनंती. नोंद बघा, जरूर बघा, पण नोटीस लावण्याआधी आणि घरी फोन करण्याआधी एकदा त्या मुलालाही विचारा. अण्णांनी तेवढंच केलं होतं.

आणि मित्रांनो, मी आता फायनल इयरला जाताना खोली २७ सोडतोय. तिथला आयपी पुढच्या मुलाला मिळेल. त्याला माझ्या शुभेच्छा! अडॅप्टर मात्र त्यानं स्वतःचा आणावा.