रातांब्यांची करंडी

वैशाखात शांतादुर्गेच्या दर्शनास बेळगावहून कवळ्याला उतरावे, असा आमच्या घराण्याचा प्रघात आहे. देवदर्शन हा मुख्य हेतू खरा. परंतु मंगेशी-म्हार्दोळ करून सावकाश परतताना फोंड्याच्या बाजारात रातांबे घ्यावयाचे, हा त्यास जोडलेला, कोणत्याही पोथीत न सांगितलेला विधी.

रातांबा, म्हणजे गोव्यातले भिरंड, मोठा नाजूक प्रवासी. पिकून गडद तांबडा झाला की साल मऊ पडते आणि ओझ्याखाली रस गळू लागतो. म्हणून करंडीत पाने अंथरून थर उथळ ठेवावेत व घरी पोचताच फळे फोडावीत. सालीत साखर भरून उन्हात ठेवली की सरबताचा अर्क सुटतो. साली रसात बुडवून पुनःपुन्हा वाळवल्या की आमसुले होतात. बियांचे भिरंडेल भेगाळलेल्या टाचांना लागते. आणि हे सारे मृगाच्या आत उरकावे लागते.

एके वर्षी मातोश्रींना प्रवास झेपेना. दृष्टीही अधू झालेली. "येताना रातांबे तेवढे आण रे," एवढेच त्या म्हणाल्या.

बाजारात एका वृद्ध बाईची करंडी पसंत पडली. वरची फळे उत्तम होती; पण वकिलाचे मन तळाचा विचार करते. माल तपासण्याची वाजवी संधी १९३० च्या मालविक्री कायद्याचे ४१ वे कलम ग्राहकास देतेच! आम्ही करंडी सरळ तरटावर ओतली. "बाब, ल्हव, ल्हव!" बाई कळवळली. एकही फळ किडके निघाले नाही. तरी आम्ही दर पाडलाच. तिने मुकाट्याने एकेक फळ पुन्हा रचून दिले.

घाट चढता चढता करंडीतून तांबडा रस ठिबकू लागला. घरी मातोश्रींनी बोटांनी फळे चाचपली आणि विचारले, "ही कोणी आदळली रे?"

साक्षीदारांना आम्ही असे पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. त्या दिवशी मात्र आमचीच जीभ अडखळली. "आम्हीच," असे कसेबसे म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. शाबूत फळे वेगळी काढीत बसल्या. हक्क कायदा देतो. तो बजावताना हात किती हलका असावा, हे कलमात लिहिलेले नसते.

पुढल्या वैशाखात त्याच बाईकडून, मागितला तो दर देऊन, न तपासता करंडी घेतली. एकही फळ न फुटता ती घरी आली. चाचपून पाहावयास मातोश्री मात्र नव्हत्या.