पाणी दुप्पट का चढतं?

सातारा

चि. भाचीबाईस,

तुझा कृष्णेचा नकाशा उघडला आणि बराच वेळ नुसता पाहत बसलो. क्षेत्र महाबळेश्वराहून निघालेली निळी रेघ वाईवरून खाली येते, माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना थेट समोरून येऊन भिडते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. प्रत्येक संगमावर तू एकेक बटण ठेवलंस. सातारा आणि सांगली ही एकाच नदीची गावं आहेत, हे पाचवीतल्या पोराला बोट लावून कळावं, यासाठी तू एवढी खटपट करते आहेस याचा मला फार आनंद झाला.

आता तुझी अडचण. सांगलीच्या आयर्विन पुलाचं बटण पहिल्यांदा दाबलं की पाणी पाच फूट चढतं. मुखपृष्ठावर जाऊन परत आलं की त्याच बटणाला दहा फूट, आणखी एकदा जाऊन आलं की पंधरा. ॲनिमेट हे सॉफ्टवेअरच बिघडलंय असं तू लिहिलंस. ते बिघडलेलं नाही, तू सांगितलंस तेच ते करतंय.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं त्या सांगलीत तू राहतेस, म्हणून नाटकाच्या भाषेत सांगतो. इव्हेंट लिसनर म्हणजे विंगेत उभा असलेला नट. क्लिक हा त्याचा इशारा, आणि तो आला की त्याने काय करायचं ते तुझ्या फंक्शनमध्ये लिहिलेलं. ‘ॲडइव्हेंटलिसनर’ ही ओळ म्हणजे त्याची विंगेतली नेमणूक. तू ती पुलाच्या फ्रेमवर लिहिली आहेस. टाइमलाइन त्या फ्रेमवर जितक्या वेळा येते, तितक्या वेळा ती ओळ पुन्हा चालते आणि आणखी एक नट नेमला जातो. तिसऱ्या वेळी एका क्लिकवर तिघेही रंगमंचावर येतात आणि प्रत्येकजण पाच फूट पाणी चढवून जातो.

तू विचारशील की तेच फंक्शन दोनदा दिलं तर दोनदा कसं धरलं जातं? धरलं जात नाही. पण तू ॲनिमेटच्या कॅनव्हास प्रकारच्या फाइलीत काम करतेस, आणि फंक्शनच्या आत ‘धिस’ हा शब्द मुख्य टाइमलाइनलाच लागू व्हावा म्हणून ‘बाइंड’ लावलं आहेस. ते लावायलाच हवं. मात्र ‘बाइंड’ दरवेळी नवं फंक्शन तयार करतं. आतला मजकूर तोच असला तरी संगणकाच्या लेखी तो दुसराच कुणीतरी असतो. म्हणून ‘रिमूव्हइव्हेंटलिसनर’ लिहूनही तुझा जुना लिसनर निघाला नाही. काढायला सांगतानाही तू ‘बाइंड’ लावलंस, म्हणजे कधी नेमलंच नव्हतं अशा एका नव्यालाच काढायला सांगितलंस.

उपाय सोपा आहे. बाइंड केलेलं फंक्शन एकदाच तयार करून टाइमलाइनवर एका नावाने जपून ठेव. फ्रेमवर आल्यावर आधी पाहायचं, ते नाव आहे का? असेल तर काही करायचं नाही. नसेल तरच तयार करायचं आणि लिसनर लावायचा.

एवढ्याने तुझं बटण सुधारेल. पण मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ‘आहे त्यात पाच फूट मिळव’ असं तुझं बटण सांगतं, तिथेच मला धास्ती वाटते. त्याऐवजी ‘पातळी ४५ फूट कर’ असं लिही. मग कुणा पोराने घाईघाईत चारदा दाबलं किंवा चुकून दोन लिसनर लागले, तरी पातळी ४५ च राहील.

हे मी एवढं ताणतोय कारण हा पूल आयर्विन आहे. १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत पावसाळ्यात घराघरांत बोललं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्याने ५७ फूटही ओलांडले. ज्या घरातलं सामान तेव्हा माळ्यावर चढवलं गेलं, त्या घरातलं मूल तुझ्या नकाशावर बोट ठेवणार आहे. त्याला चुकीचा आकडा दिसता कामा नये. दुसऱ्या एखाद्या खेळात पाच-दहा गुण जास्त मिळाले तर चालतं, इथे चालणार नाही.

जुना कोड कुठे सापडला तर तो जसाच्या तसा उचलू नकोस. ॲनिमेट म्हणजे आमच्या वेळचं फ्लॅश. तेव्हा आम्ही ‘ऑन रिलीज’ लिहून कोड थेट बटणावरच चिकटवायचो, आणि चाळीस बटणं असली की कुठे काय लिहिलंय ते शोधण्यात संध्याकाळ जायची. २००६ मध्ये ॲक्शनस्क्रिप्ट ३ आलं आणि ती सोय गेली. बटणाला इन्स्टन्सचं नाव द्यायचं आणि सगळा कोड वरच्या वेगळ्या लेयरवर एकत्र ठेवायचा, ही शिस्त लागली. ती मला आजही मोलाची वाटते. पुढे ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासं झालं. शाळांच्या कपाटातल्या कितीतरी सीडी तिथेच थांबल्या. रफल नावाच्या मुक्त प्रकल्पामुळे त्यातलं बरंच आता पुन्हा चालतं, पण मूळ फाइल जपलेली असेल तर कामच नव्याने उभं करता येतं. तेव्हा तुझी मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव. जुन्या कोडमधले फ्रेमचे आकडेही तपासून घे: तिथे मोजणी एकपासून व्हायची, कॅनव्हासवर ती शून्यापासून होते.

आणखी एक-दोन गोष्टी. ‘माहुली’ हे तुझं बटण नुसत्या अक्षरांचं आहे आणि त्याची हिट फ्रेम, म्हणजे दाबण्याजोगा भाग ठरवणारी फ्रेम, तू ठरवलेलीच नाहीस. त्यामुळे बोट नेमकं अक्षराच्या रेषेवर पडलं तरच ते दाबलं जातं. हिट फ्रेममध्ये अक्षरांपेक्षा मोठा भरीव चौकोन काढ. तो पडद्यावर दिसत नाही, पण पोरांची बोटं चुकत नाहीत. माउस वर नेला की कोयनेची माहिती दिसावी असं तू केलंस ते संगणकावर छान आहे, पण पोरं हे मोबाइलवर उघडतील आणि तिथे बोट वर नुसतं फिरवता येत नाही. ती माहितीही क्लिकवरच दे.

गावांची नावं युनिकोडमध्येच टाइप कर. आमच्या वेळी श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ इंग्रजी चिन्हांची रांग व्हायचा. ‘मुक्त’ सारखा खुला फॉन्ट वापर आणि तो प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेव. ‘कऱ्हाड’ मधला ऱ्ह नीट उमटतो का, हे शाळेतल्या साध्या फोनवर उघडून पाहा.

हे सगळं झालं की फाइल फॉन्टसकट पाठव. मी मुखपृष्ठावरून पुलावर आणि पुलावरून पुन्हा मुखपृष्ठावर मुद्दाम हवा तेवढा फिरून बघतो.

तुझा,
मामा