थोरल्याची जुनी विमाने

दोन वर्षांपूर्वी थोरल्यासाठी चिपळूणकडचे एक स्थळ आले होते. मुलगी शिकलेली, घराणे चांगले. बोलणी चालू असताना मुलीच्या मामूंनी विचारले, "मुलगा कॅनडात नेमका काय करतो?" मी म्हणाले, "विमानांचा इंजिनियर आहे." हे खोटे नव्हते. त्याच्याकडे तिथले विमान देखभाल इंजिनियरचे लायसन्स आहे. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठे विमानतळ, चकचकीत जेट विमाने आणि कोट-टाय आला असणार, हे मला माहीत होते आणि मी तो तसाच येऊ दिला.

महिन्याभरात निरोप आला. त्यांच्या कोणा नातेवाइकाने चौकशी केली होती. मुलगा समुद्राकाठी एका शेडमध्ये सत्तर वर्षांची जुनी विमाने दुरुस्त करतो, कपडे तेलाने माखलेले असतात, म्हणजे मेकॅनिकच की! स्थळ मोडले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते थोरल्याच्या फोनचे. तो एवढेच म्हणाला, "अम्मी, तुला माझ्या कामाची लाज वाटते का?"

मी "काहीतरीच काय!" म्हणाले आणि जेवलास का, म्हणून विचारले.

खरे तर लाज वाटत होती. मुंबईत कोर्स करून तो आखातात चार वर्षे मोठ्या जेट विमानांवर काम करत होता. पगार चांगला, वर्षाला सुट्टी, ईदला घरी. ते सोडून तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात गेला. कशासाठी, तर पाण्यावर उतरणाऱ्या जुन्या विमानांसाठी. लहानपणी कपाटाच्या दारावर त्याने अशाच एका पिवळ्या विमानाचे चित्र चिकटवले होते. रबरी चपलांच्या जोडीवर पुठ्ठ्याचे विमान बांधून तो ते खाडीत सोडायचा. चपला वाहून गेल्या म्हणून माझा मार खायचा. हे वेड वयाबरोबर जाईल असे आम्हाला वाटले होते.

गेल्या वर्षी मी त्याच्याकडे दीड महिना राहून आले. यांचे गुडघे दुखतात, म्हणून एकटीच गेले.

तिसऱ्या दिवशी पहाटेच तो मला कामावर घेऊन गेला. पाऊस भुरभुरत होता. धक्क्याला तीन विमाने बांधलेली, अगदी होड्या बांधतात तशी. चाकांच्या जागी दोन लांबट ॲल्युमिनियमचे तराफे. तिथे त्यांना फ्लोट म्हणतात. थोरला हातात पंप घेऊन एका फ्लोटवर उतरला. फ्लोटच्या आत वेगवेगळे बंद कप्पे असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी एक रबरी चेंडू बुचासारखा बसवलेला. चेंडू काढायचा, पंप लावायचा, आत झिरपलेले पाणी उपसायचे, चेंडू परत बसवायचा आणि पुढच्या कप्प्याकडे जायचे. तो तोंडाने मोजत होता. "काल या कप्प्यात चार झटक्यांत पाणी संपलं होतं, आज अकरा लागले. म्हणजे इथला कुठला तरी रिबेट सैल झालाय."

मी छत्री धरून उभी होते आणि मला माझे अब्बाच दिसू लागले. ते गलबतावर तांडेल होते. कौले भरून मुंबईला जायचे. गलबत बंदरात असले की सकाळी चहाच्या आधी तळाशी उतरून पाणी किती आले ते बघायचे. माझ्या भावाला पत्र्याचा डबा देऊन उपसायला लावायचे आणि किती डबे निघाले ते विचारायचे. आकडा वाढला की त्या दिवशी फळ्यांच्या फटींत नवा कापूस ठोकला जाई. थोरला अब्बांच्या मांडीवर बसलेला नाही. तो जन्मायच्या आधीच ते गेले. मी त्याला हे कधी सांगितलेही नव्हते. त्या धक्क्यावर सांगितले.

ज्या विमानावर तो काम करत होता त्याचे नाव 'बीव्हर'. त्याचे पहिले उड्डाण टोरांटोजवळच्या डाऊन्सव्ह्यू येथे १६ ऑगस्ट १९४७ रोजी झाले, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. डी हॅविलँड कंपनीच्या कॅनडातल्या कारखान्याने ते बांधण्याआधी जंगलात विमाने चालवणाऱ्या वैमानिकांनाच विचारले होते की, तुम्हाला काय हवे? त्या मुलखात रस्ते नाहीत, धावपट्ट्या नाहीत, पण तळी आणि नद्या हजारो. वैमानिकांनी सांगितले, इंजिनात जोर हवा, आखूड जागेत उठता यावे, आणि दार एवढे रुंद हवे की तेलाचे पिंप आत लोटता येईल. तसेच केले गेले. १९६७ पर्यंत अशी सोळाशेहून जास्त विमाने झाली, आणि त्यांतली बरीच अजून रोज पोटापाण्याला लागलेली आहेत. औषधे, टपाल, किराणा, लाकूडतोडे, शाळामास्तर असे सगळे त्यांतून जाते.

इंजिन त्याहून जुने, १९३० च्या दशकातल्या बनावटीचे. नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले, ४५० अश्वशक्तीचे. महायुद्धातून उरलेली ही इंजिने तेव्हा मुबलक मिळत. ते तेल पिते आणि थेंब थेंब गाळतेही. तेल भरायचे तोंड विमानाच्या आत, पुढच्या सीटच्या पायाशी आहे. कडाक्याच्या थंडीत बाहेर शिडी लावून तेल ओतायला नको, अगदी उडतानासुद्धा डबा उपडा करता येतो. ज्याने हे सुचवले त्याने नक्कीच बोटे गोठवून घेतली असणार.

पण मूळच्या रूपात राहिलेले बीव्हर क्वचितच दिसते. हे वेड असलेल्या माणसांचे अर्धे बोलणे 'बदल' या विषयावरच चालते. मागची भिंत सरकवून सामानाला जागा करायची, शेपटीकडची बॅटरी पुढे आणायची म्हणजे तोल नीट राहतो, पंखाच्या पुढच्या कडेला गोलाई द्यायची म्हणजे कमी वेगातही विमान तरंगते, जुने इंजिन काढून टर्बाइन बसवायचे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनमोर एअर नावाची १९४६ सालची एक कंपनी आहे. तिने मोडकी बीव्हर गोळा करून ती नव्यासारखी करण्यात एवढे नाव कमावले की तिथल्या बदलांना तिचेच नाव पडले. अलास्कात तर लोक छोट्या विमानांना एवढी मोठी, मऊ चाके लावतात की ती नदीकाठच्या गोट्यांवर उतरतात. मला ते विमान लहान मुलाने बापाचे बूट घातल्यासारखे दिसले. थोरल्याला हे आवडले नाही.

प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते, हे मला त्याच्याकडून कळले. फ्लोट लावले की वजन वाढते आणि हवेचा अडथळा वाढतो. म्हणजे तेवढे सामान कमी. फ्लोटची नाके पुढे येतात, म्हणून वारा विमानाला आडवे फिरवू बघतो. मग शेपटीपाशी जादा पाती बसवावी लागतात. एक सोडवायला जावे तर दुसरे उभे राहते. बीव्हरला बहुधा ४५८० या क्रमांकाचे फ्लोट असतात. तो नुसता मॉडेल नंबर असेल असे मला वाटले होते. पण एक फ्लोट तेवढे पौंड पाणी बाजूला सारू शकतो, असा त्याचा अर्थ. दोन मिळून भरलेल्या विमानाच्या वजनाच्या जवळजवळ पावणेदोन पटींहून जास्त. हिशोब मुद्दामच असा ठेवलेला, म्हणजे एखादा कप्पा फुटला तरी बुडत नाही. आणि बदल कितीही छोटा असो, त्याला सरकारी मंजुरीचा कागद लागतो. काम झाल्यावर लायसन्सवाला वहीत सही करतो. थोरला सही करायच्या आधी हात धुतो. मी विचारले, का? म्हणाला, "सवय आहे."

आता भीतीचे सांगते. जाण्याआधी मी वाचले होते की २९ नोव्हेंबर २००९ ला त्याच किनाऱ्यावर, सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर पाण्यात कोसळले. आठ जण होते, सहा गेले. त्यांत एक तान्हे बाळ होते. आदळण्यातून वाचूनही बाहेर पडता न आल्याने माणसे बुडाली. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. मी थोरल्याला ते विचारले तेव्हा त्याने टाळले नाही. तो मला एका विमानापाशी घेऊन गेला आणि खिडकी दाखवली. ही खिडकी आतून जोराने ढकलली की पूर्ण निखळून पडते. त्या अपघातानंतर अशा खिडक्यांचा आग्रह धरला गेला. दाराच्या मुठीही बदलल्या. आता प्रवाशांना फुगवायचे जॅकेट अंगावर बांधूनच बसावे लागते. "लोक येतात आणि इंजिनाचे फोटो काढतात," तो म्हणाला. "या खिडकीचा फोटो कुणी काढत नाही. मला विचारशील तर सगळ्यांत मोठा बदल हाच."

विजेवर चालणाऱ्या बीव्हरबद्दलही मी विचारले. १० डिसेंबर २०१९ ला व्हँकुव्हरजवळ हार्बर एअर कंपनीने ते थोडा वेळ उडवून दाखवले होते. त्याचे मत सावध आहे. बॅटरीचे वजन माणसांच्या जागेतून वजा होते, असे तो म्हणतो. पण ते दिसले असते तर कामावर दांडी मारून बघायला गेलो असतो, असेही म्हणतो.

परतायच्या आठवड्यात त्याने मला वर नेले. माझ्या बसण्याआधी त्याने माझा हात दाराच्या मुठीवर ठेवला. "डोळे मीट. आता मूठ शोध. पट्टा सोड. खिडकी कुठे आहे?" तीन वेळा करून घेतले. दुसऱ्या वेळी मी चुकले तर पुन्हा. कधीकाळी मी त्याला पाढे असेच म्हणायला लावत असे. वैमानिक माझ्या मुलीच्या वयाची, हसत होती. त्या दिवशी वहीत थोरल्याचीच सही होती आणि तो मागच्या सीटवर बसला.

पाणी अगदी आरशासारखे होते. मला वाटले, किती छान! पण असे पाणी वाईट. उतरताना उंचीचा अंदाज येत नाही, आणि उठताना ते फ्लोटला सोडत नाही. म्हणून फ्लोटच्या तळाला मध्ये एक पायरी असते. तिथे हवा शिरली की पाण्याची पकड सुटते. तरीही सुटेना, तेव्हा वैमानिकाने विमान एका बाजूला कलवून आधी एक फ्लोट उचलला, मग दुसरा. वारा पडला की अब्बाही असेच वैतागायचे. मी बिस्मिल्लाह म्हणून डोळे मिटले होते. उघडले तेव्हा खाली बेटेच बेटे होती, आणि माझा हात मुठीवरच होता.

वीस मिनिटांनी उतरलो. त्याने लगेच पंप घेतला. त्या कप्प्यात किती झटके लागले ते मी मोजले. तीन.

स्थळे अजून बघतोच आहोत. मागच्या आठवड्यात नवा बायोडेटा तयार केला. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिले: पाण्यावर उतरणारी जुनी विमाने दुरुस्त करतो, त्यांत बदल करतो, आणि सही केलेल्या विमानात स्वतः बसतो. यांनी वाचून विचारले, "एवढे लांबलचक कशाला? नुसते इंजिनियर लिही ना." मी ते तसेच ठेवले आहे.